भाऊबीजेला उघडं पाळणाघर

आमच्या शेजारच्या हेमलताबाई घरीच पाळणाघर चालवत. मूल आलं नाही तरी महिन्याचे पैसे पूर्ण, हा त्यांचा नियम सर्वांना मान्य होता. दिवाळीत बाईंना भावाकडे कराडला जायचं होतं. तेवढ्यात पाळणाघरातल्या ईशाचे वडील, उपायुक्त घोरपडेसाहेब गरजले, "पाळणाघर बंद ठेवाल त्या दिवसांचे पैसे मी देणार नाही!"

बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "बरं साहेब, मग बंद ठेवतच नाही. भाऊबीजेला सकाळी आठला ईशाला आणून सोडा."

"भाऊबीजेला? अहो, मग तिच्या भावाला ओवाळणार कोण?"

"म्हणजे ती येणार नाही?"

"मुळीच नाही!"

"मग सुट्टी तुम्ही घेताय साहेब, मी नव्हे."

साहेबांनी पैसे पूर्ण दिले. वर बाईंना कराडला जायची परवानगीही दिली.