चिंचोक्यांचे चौकोन

फार पूर्वी खारींची एक शाळा होती. पण तिथले मास्तरच एका जागी बसत नसत. म्हणून झिपरीला तिची आई घरीच, चिंचेखालच्या सपाट दगडावर शिकवी. झिपरीचं उत्तर प्रश्न संपायच्या आत तयार असे, आणि बहुधा चुकीचं असे. अशाच घाईत अंदाज चुकून ती आंब्यावर उडी मारताना खाली आपटली होती. तेव्हापासून उड्या बंद.

"आज तरी मारू दे ना गं!"

"आधी चिंचोके मांड. एक ठेव. त्याच्या दोन कडांना कोपरा धरून तीन लाव, मग तसेच पाच, मग सात."

"पंधरा! झालं, जाऊ?"

"बेरीज विचारलीच नव्हती, बयो. आणि सोळा होतात. मांड."

झिपरीने तोंड वाकडं करून तीन लावले. चौकोन झाला. पाच लावले, तर त्याहून मोठा चौकोन. सात लावताना तिची शेपटी हलायची थांबली. कुठे फट नाही, एक चिंचोका जास्त नाही.

"आई, हे कोणी ठरवलं?"

"कोणीच नाही. चिंचा नव्हत्या तेव्हाही हे असंच होतं."

झिपरी चौकोनाच्या चारही बाजू इतका वेळ मोजत बसली की आईला काळजी वाटू लागली.

"जा बाई, मार उडी."

"घाई कसली एवढी?" झिपरी हलक्या आवाजात म्हणाली. "नऊ लावून बघू दे."