राजापुढचं प्यादं

बुद्धिबळाचा एकेक डाव दुपारभर चाले, तेव्हाची ही गोष्ट. एका क्लबात पांढऱ्या राजापुढे एक लाकडी प्यादं उभं असायचं. राजाच्या सावलीतलं ते घर त्याला जिवापाड आवडे. पण चषकाच्या शेवटच्या डावात हसीनाबाईंनी पहिल्याच चालीला त्याला दोन घरं पुढं सरकवलं.

"मला मागं जायचंय," ते घोड्याला म्हणालं.

"प्याद्याला मागं फिरता येत नाही, बाळा," घोडा म्हणाला. "पण शेवटच्या ओळीत पोचलंस तर वजीर होशील. वजीर मागंही जातो."

मग काय, घरी परतायचं म्हणून ते घरापासून लांब लांब जात राहिलं. सोबतची प्यादी मारली गेली, घोडाही गेला. चार तासांनी एकदाचं ते शेवटच्या ओळीत पोचलं.

हसीनाबाईंनी त्याला अलगद उचलून घड्याळापाशी ठेवलं आणि त्याच्या जागी मघाशी मारला गेलेला वजीर उभा केला. पुढं राजाला शह बसला, तसा वजीर सरळ मागं धावला आणि प्याद्याच्याच त्या घरात जाऊन उभा राहिला. प्यादं घड्याळाआडून बघत राहिलं.

समोरच्या निमकरमास्तरांनी हार मानली. मोहरे पुन्हा मांडूनच उठायचं, अशी क्लबाची रीत. मास्तरांनी प्याद्याला धोतराच्या सोग्यानं पुसून त्याच्या घरात ठेवलं. मागं राजा, तीच सावली! प्याद्याला भरून आलं.

"बाई, आणखी एक डाव होऊन जाऊ दे," मास्तर म्हणाले. "आता पांढरे माझ्याकडे."

आणि त्यांनी प्याद्याच्या डोक्यावर बोट ठेवलं.