चुक्याची जुडी

फार फार वर्षांमागे डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक लाकूडतोड्या आणि त्याची बायको राहत होती. गावाबाहेर एका राक्षसिणीचा मळा होता. तिकडे कुणी मान वळवूनही पाहत नसे.

बाईला दिवस गेले आणि तिला आंबट चुक्याचे डोहाळे लागले. मळ्यात तर चुका नुसता माजला होता. तिने मनाला पुष्कळ आवरलं; शेवटी एका दुपारी कुंपण ओलांडलंच. तिथेच बसून चार पानं खाल्ली, एक जुडी पदरात बांधली आणि वळली, तर राक्षसीण वाट अडवून उभी.

"खाल्लंस त्याच्या बदल्यात पोटातलं मूल दे. नाहीतर इथून जिवंत जाणार नाहीस."

भीतीने बाईच्या तोंडून "देईन" निघून गेलं. घरी मात्र तिने नवऱ्यालाही काही सांगितलं नाही.

मुलगी झाली. तिच्या मनगटावर चुक्याच्या पानासारखा हिरवा डाग होता. बायका कौतुकाने बघत, आणि आई तो बांगड्यांखाली झाकून टाकी.

पोर पाणी आणण्याएवढी झाली. एक दिवस विहिरीवरून येऊन ती म्हणाली, की एक म्हातारी भेटली होती, आईने दिलेल्या शब्दाची तिला आठवण करून दे म्हणत होती. आईच्या हातातलं पीठ सांडलं. "आई विसरली असं सांग," आई पोरीला म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच निरोप. आई आजारी आहे, असं सांगून झालं. मग तिने पोरीला विहिरीवर पाठवणंच बंद केलं, तर म्हातारी अंगणाच्या कडेला येऊन बसू लागली.

म्हातारीचं रूप घेतलेली ती राक्षसीण आत मात्र येत नव्हती. आईने स्वतःच्या तोंडाने 'ने' म्हटल्याशिवाय तिला काहीच नेता येत नव्हतं. पण आईला हे कुठे ठाऊक? तिला घास गिळवेना, झोप लागेना. एकदा त्राग्याने 'ने म्हणावं एकदाचं' हे शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात पोरीने विचारलं, "आई, तिला काय हवंय गं?"

आईने पोरीकडे पाहिलं आणि तिला जवळ घेऊन बसली. मग सगळं सांगितलं. पोर आईपासून जरा दूर सरकली.

आई उठली आणि अंगणात गेली.

"चुका मी खाल्ला, शब्दही मीच दिला. पोरीचा यात काय दोष? न्यायचं तर मला ने."

राक्षसिणीला हवा होता तो शब्द मिळाला, पण पोरीसाठी नव्हे. रागाने दात खात तिने बाईचा दंड धरला.

बाई कित्येक वर्षं त्या मळ्यात राबली. राक्षसीण मेली तेव्हा कुठे ती सुटली. परत आली तेव्हा केस पांढरे झाले होते आणि लेकीच्या घरी पाळणा हलत होता. लेकीने आपलं बाळ उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

तर बाळगोपाळांनो, आणि थोरांनोही, ध्यानात ठेवा: आपली चूक आपणच निस्तरावी, ती लेकरांच्या माथी मारू नये.