खुडूक कोंबडी आणि तिच्या उवा

एका गावाच्या कडेला, हौसाबाईंच्या परसात, एक तांबडी कोंबडी राहत असे. ती खुडूक झाली, तेव्हा हौसाबाईंनी टोपलीत पेंढा घालून तिला अकरा अंड्यांवर बसवले. आता मुलांनो, अंड्यांवर बसलेली कोंबडीही रोज एकदा उठते. दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत मनसोक्त लोळते आणि अंडी गार व्हायच्या आत परत येते. पण आमच्या तांबडीचा जीव सदा टांगणीला! 'मी लोळत बसले आणि कावळ्याने डाव साधला तर?' असे म्हणून ती दोन दाणे टिपून धावतच परत येई. लोळणे तिने सोडूनच दिले. अहो, धुळीत लोळणे हीच तर कोंबड्यांची आंघोळ! ती सुटल्यावर व्हायचे तेच झाले. तेराव्या दिवशी तिच्या पंखांखाली उवा वळवळू लागल्या.

ती चोचीने अंग कोरत होती, तोच भिंतीवरून मांजर उतरले. "मावशी, कुणाला सांगू नका हं," कोंबडी हळूच म्हणाली, "पण मला उवा झाल्यात." मांजराला दुसऱ्याला घाबरवण्याची भारी हौस. ते म्हणाले, "अगं बाई! मग संपलंच की तुझं. ती काळी कोंबडी आठवते ना? तीही अशीच खाजवत असायची. एके दिवशी हौसाबाईंनी तिला उचलली, आणि दुपारी उकिरड्यावर नुसती पिसं! उवांची कोंबडी कोण ठेवतो घरात?" कोंबडीने अंड्यांकडे पाहिले. आपण गेलो तर या अकरा जिवांना ऊब कोण देणार? त्या दिवसापासून हौसाबाईंच्या बांगड्या वाजल्या, की ती पंख अंगाशी गच्च आवळून दगडासारखी बसू लागली. आतून उवा चावत, डोळ्यांत पाणी येई, पण ती हूं की चूं करीत नसे. "गुणाची गं माझी," असे म्हणून हौसाबाई निघून जात, आणि ही वेड्यासारखी उडी मारून परसभर पळत सुटे. परत येऊन बघावे तर अंडी गार! ती पुन्हा बसे, पुन्हा उठे. असे एक नाही, दोन नाही, चार दिवस चालले.

सतराव्या दिवशी म्हाताऱ्या कोंबड्याने टोपलीत नुसती अंडी पाहिली आणि तो ओरडलाच, "काय गं, अंडी वाऱ्यावर टाकून हिंडतेस कुठे?" तेव्हा कोंबडीला रडू कोसळले आणि तिने सगळे सांगून टाकले. कोंबड्याने कपाळावर हात मारला असता, पण त्याला हात नव्हते! "खुळी की काय तू? काळी गेली ती उवांनी नव्हे, त्या दिवशी जावई आला होता म्हणून! जा, हौसाबाईंना दाखव." कोंबडी आणखीच घाबरली. "आणि मामा, आज जावई आला असेल तर?" "ते काही मला ठाऊक नाही गं," कोंबडा म्हणाला. खोटे तरी काय सांगणार बिचारा? कोंबडीने टोपलीकडे पाहिले. अशीच उठत-बसत राहिले, तर एकही अंडे वाचायचे नाही, हे तिला कळून चुकले. ती तडक अंगणात गेली. हौसाबाई विळीवर भाजी चिरत होत्या. ती विळी पाहून कोंबडी दोन पावले मागे सरली, पण लगेच ती त्यांच्यापुढे उभी राहिली आणि तिने दोन्ही पंख पसरले.

"अगं बाई, ही काय दशा गं तुझी!" असे म्हणत हौसाबाईंनी तिचे दोन्ही पाय धरले, तिला उलटी केली आणि चालल्या थेट चुलीकडे. संपले सगळे! कोंबडीने डोळे मिटले. 'निदान माझ्या अंड्यांवर दुसऱ्या कुणाला तरी बसव गं,' एवढेच तिच्या मनात आले. मग अंगावर काहीतरी भुरभुरले. ती चुलीतली गार राख होती! हौसाबाईंनी राखेत कडुलिंबाचा वाळका पाला चुरला आणि तिच्या पंखांखाली, शेपटीखाली, पिसांच्या मुळाशी हळुवार चोळला. जुना पेंढा जाळून टोपलीत नवा घातला. "पहिल्याच दिवशी दाखवलं असतंस, तर एवढे हाल झाले नसते गं," त्या पुटपुटल्या. "अजून लिखा चिकटल्यात. आठ-दहा दिवसांनी परत राख चोळायला हवी."

एकविसाव्या दिवशी टोपलीत चिवचिव सुरू झाली. एक, दोन करता करता आठ पिल्ले बाहेर आली. उरलेली तीन अंडी कोंबडीने पोटाशी ओढली आणि ती आणखी दोन दिवस त्यांच्यावर बसून राहिली. चोचीने हलवून बघे, कान देऊन ऐके. आतून कुणीच बोलले नाही. शेवटी हौसाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती तीन अंडी उचलून नेली.

तात्पर्य : दुखणे कितीही लाजिरवाणे वाटले, तरी ते बरे करणाऱ्याला वेळीच दाखवावे; भीतीपोटी लपवलेल्या दुखण्याची झळ आपल्या पंखांखालच्यांना लागते.