अंड्यांना राखणदार हवा

आटपाट रान होतं. तिथे बिबटेमहाराजांचं राज्य होतं. राज्यात सगळ्यांना सगळं स्वातंत्र्य होतं, फक्त ते कुठे ठेवलंय हे विचारायचं नसे.

त्या रानात बाभळीवर गोदाक्का बुलबुल राहायची. बाभळीच्या शेंड्याला कोतवाल पक्षी असे. घार आली तरी तो तिला टोचून टोचून पळवून लावी, म्हणून गोदाक्काने मुद्दाम त्याच्या खालच्या फांदीवर घरटं बांधलं होतं. आत तीन अंडी होती. तिची पहिलीच.

एके दिवशी महाराज टेकडीवर चढले.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आपला मदतनीस आपणच शोधायचा, ही गुलामीची खूण आहे! यापुढे तुम्ही फक्त काम सांगा. ते करणारा प्राणी सरकारी कारखाना पुरवेल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणारेही कारखान्यानेच पुरवले होते.

त्याच दिवशी कोतवालाची बदली झाली, नदीपलीकडे, बगळ्यांना नाच शिकवायला. गोदाक्काने मुकाट्याने अर्ज केला, 'अंड्यांना राखणदार हवा.' दुपारी बाभळीवर एक धामण सरपटत आली. गळ्यात पट्टा होता, 'राखणदार'.

गोदाक्का तडक कारखान्यात गेली. खिडकीत तरसराव पान चघळत बसले होते.

"अहो, तुम्ही साप पाठवलात!"

"अक्का, प्राणी बघू नका, काम बघा. राखणदाराच्या अटी तीन. घरट्यापाशी बसणं, डोळा न मिटणं, अंड्यांवरून नजर न हटवणं. तिन्हींत ती पहिली आली."

"पण ती अंडी खाते हो!"

"खाऊ नयेत, असं अर्जात लिहिलं होतंत?"

गोदाक्का परतली तेव्हा घरटं रिकामं होतं. धामण इमानाने जागेवरच होती, पोटाशी जरा जाड झालेली. गोदाक्का ऊर फुटेपर्यंत रडली. मग तिने दुसरा अर्ज केला, 'चौकशी करणारा हवा.' सकाळी तीच धामण आली, नुसता पट्टा बदलून. काटकसर म्हणून कारखान्याने सगळ्या कामांना एकच प्राणी ठेवला होता.

"घटनेच्या वेळी तिथे कोण होतं?" धामणीने विचारलं.

"तू!"

"मग काळजी नको. साक्षीदार मिळाला," म्हणून तिने चौकशी संपवली.

पुढच्या महिन्यात निवडणूक आली. मतपत्रिकेवर एकही नाव नव्हतं. 'राजा हवा' एवढंच छापलं होतं.

"अहो, पण कोण?" गोदाक्काने विचारलं.

"आधी मत द्या," तरसराव म्हणाले. "कोण ते निकालानंतर कारखाना ठरवतो."

गोदाक्काने शिक्का मारला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'अंडी न खाणारा'.

अख्ख्या रानात तेवढं एकच मत बाद झालं.