खाजण राखणारा बांधकरी

पूर्वी पश्चिम समुद्राच्या काठी मीनपट्टण नगरात विश्रुत नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या बांधकऱ्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव नागिल. खाडीच्या तोंडाशी मातीचा एक लांब बांध होता. बांधाच्या आत भातशेते आणि पाचशे घरे होती. बांधाच्या बाहेर तीनशे पावले रुंद खाजण पसरले होते, म्हणजे भरतीत बुडणारी आणि ओहोटीत उघडी पडणारी चिखलाची जमीन. तिच्यात समुद्राच्या बाजूला कंबरभर खारे गवत आणि बांधाच्या बाजूला तिवरांची दाट झाडी होती.

दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला नागिल बांधावरून चालत जाई आणि चिंबोऱ्या-खेकड्यांनी पाडलेली भोके टाचेने चिखल दाबून बुजवी. चालता चालता तो लाटा पाही. गवतात शिरताना लाट छातीएवढी असे. एकेक काडी वाके, लाटेला जरा अडवी आणि पुन्हा उभी राही. अशा अगणित काड्यांतून आणि तिवरांच्या मुळांतून वाट काढत लाट बांधाशी पोचे, तेव्हा ती घोट्याएवढी उरलेली असे. थकलेले पाणी आपला गाळ तिथेच टाकून मागे फिरे, आणि खाजण वर्षाला नखभर उंच होई.

"बांध मी राखत नाही," तो आपल्या बायकोला, उत्पलेला सांगे. "गवत राखतं. मी नुसती भोकं बुजवतो."

"मग राजाच्या कोठारातून धान्यही गवतालाच आणू दे," उत्पला म्हणे.

त्या काळी दूरदेशीची जहाजे मीनपट्टणला येऊ लागली. खाजण कापून तिथे धक्का आणि वखारी बांधाव्यात असे अमात्य देवलच्या मनात आले. नागिलने विरोध केला. वाद राजसभेत गेला.

त्या नगरात एक दंडक होता. घाटाजवळ खाडीच्या पाण्यात सागाचा एक खांब रोवलेला होता आणि त्यावर शेंदराची रेघ होती. पाणी रेघेखाली आहे तोवर नगराला भय नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले जाई. पाण्याचा कोणताही वाद खांबच मिटवी.

"महाराज, भांडण कशाला?" देवल म्हणाला. "खांबाला विचारू."

पौर्णिमेच्या भरतीला पाणी कुठवर चढले त्याची खूण केली. पुढच्या पंधरा दिवसांत बांधासमोरचा एक पट्टा साफ कापून काढला. अमावास्येच्या भरतीला पाणी बरोबर त्याच खुणेशी येऊन थांबले. आकाश निरभ्र होते, वारा पडलेला होता. घाटावर जमलेल्या लोकांनी टाळ्या पिटल्या.

नागिल सभेत म्हणाला, "महाराज, पाणी तेवढंच चढणार. गवत भरती थोपवत नाही, लाटेतलं बळ काढून घेतं. खांबाला पाण्याची उंची कळते. लाटेचा मार त्याला कळत नाही."

त्याने एक परात मागवली. तिच्यात चिखलाचा छोटा बांध घातला, पाणी ओतले आणि तळहाताने लाटा ढकलल्या. तिसऱ्या लाटेला बांध विरघळला. मग त्याने दुसरा बांध घातला आणि त्यापुढे दर्भाच्या काड्या दाट रोवल्या. पाणी तेवढेच होते, हातही तोच होता. दहा लाटा झाल्या तरी बांध उभा होता. राजा आसनावरून पुढे झुकून पाहत राहिला.

देवल हसला. "नागिल, समुद्र परातीत मावत नाही रे! हे तुझ्या बायकोला दाखव, ती भाकरी थापता थापता बघेल."

सभा हसली. बांधामागच्या घरांतून आलेली माणसेही हसली. नागिलच्या मनाला ते अधिक लागले, कारण तो त्यांच्यासाठीच बोलत होता. त्यांचा मुखिया कुरंग उठून म्हणाला, "आमच्या पणज्यांनी खांब मानला. तू कोण मोठा लागून गेलास? वखारी झाल्या तर आमच्या घरांत चार दाणे जास्त येतील. चिखल राखून कुणाचं भलं झालंय?"

राजाला ती परात आठवत राहिली असावी. त्याने नागिलला एकांतात बोलावले. "लोकांसमोर एकदा हो म्हण. दहातली एक वखार तुझी."

"मी हो म्हटलं तर लाट ऐकणार आहे का, महाराज?"

त्याच दिवशी त्याचे काम काढून घेतले. सात ओहोट्यांत सगळे खाजण कापून झाले.

मुळे मेली तसा चिखल सुटू लागला. नखानखाने साठलेला गाळ लाटा ओंजळींनी नेऊ लागल्या. वर्षभरात बांधाचा पाया उघडा पडला. नागिल रोज ओहोटीला तिवराची रोपे लावी आणि भरती ती उपटून नेई, कारण कोवळ्या रोपाला आधी शांत पाणी लागते आणि ते शांत करणारे गवतच उरले नव्हते. मग त्याने रोपांपुढे बांबूच्या कामट्यांचे कूड घातले. लोकांनी ते होड्या बांधायला नेले.

"दारोदार जाऊन सांगते," उत्पला म्हणाली, "टेकडीवर राहायला चला म्हणून. माझ्याशी चांगलं बोलतात. पाणी देतात, बसायला देतात. उठत मात्र कुणी नाही."

दुसऱ्या वर्षी कार्तिकात भात कापणीला आले असताना, अमावास्येच्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून वादळ आले. लोक घाटावर धावले आणि त्यांनी खांब पाहिला. पाणी रेघेच्या दोन बोटे खाली होते.

"रेघ अजून वर आहे!" कुरंग ओरडला. लोक एकमेकांकडे पाहून हसले. काहीजण जेवायला घरी परतले.

बांधावर मात्र लाटा पुरत्या बळाने आदळत होत्या. त्यांच्या वाटेत एक काडीही नव्हती. नागिल बांधावरून धावत ओरडत होता, "खांब पाहू नका, पायाकडे पाहा! टेकडीवर चला!" वीस-पंचवीस माणसे त्याच्या मागे गेली. उत्पला घराघरांतून मुलांना बाहेर काढायला आत उतरली. दोन खेपांत तिने नऊ मुले टेकडीवर आणली. तिसऱ्या खेपेला ती आत असताना बांध तळातून फुटला.

सूर्य मावळायच्या आत सगळे संपले. पाणी शेवटपर्यंत रेघेला पोचले नाही.

देवलचे घर उंचावर होते, त्याला काही झाले नाही. राजा टेकडीवर आला आणि खाली पाहून रडला. त्याने विचारले, "नागिल, खाजण पुन्हा कधी उभं राहील?"

"आधी गाळ यायला हवा, मग गवत, मग तिवर. तुमच्या नातवाच्या राज्यात कदाचित."

"इतका वेळ माझ्याकडे नाही," राजा म्हणाला, आणि त्याने दगडाची उंच भिंत बांधायची आज्ञा दिली. भिंतीचे काम देवलकडे गेले.

नागिल पुन्हा चिखलात उतरला. उत्पलेचे शरीर त्याला सापडले नव्हते. तो रोपे लावी, भरती ती नेई. त्याने वाचवलेली माणसेही दुसऱ्या नगरात निघून गेली. सोळा वर्षे त्याने असेच केले आणि एका ओहोटीला तो तिथेच मरण पावला.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा देवल हा आताचा देवदत्त, राजा विश्रुत म्हणजे आनंद, उत्पला म्हणजे राहुलमाता आणि नागिल मीच होतो."

एका भिक्षूने विचारले, "भंते, आणि बांधामागची माणसं?"

शास्त्यांनी समोर बसलेल्या परिषदेवरून हळूहळू नजर फिरवली.

दुसऱ्याने विचारले, "मग त्या सोळा वर्षांत काहीच उगवलं नाही का, भंते?"

"मी पाहिलं तोवर नाही."

मग शास्ता म्हणाले, "फळ दिसलं म्हणून हात चालत राहिला, तर त्यात विशेष काही नाही. काहीच दिसत नसताना त्या माणसाने दुसऱ्या दिवशीची ओहोटी चुकवली नाही. अशा न थांबणाऱ्या प्रयत्नालाच वीर्यपारमिता म्हणतात."