साळुंकीवर टाकलेले उपरणे

एका राज्यात राजाच्या हुकमाहून एका साळुंकीचा शब्द भारी होता, आणि ती साळुंकी राही हैबती मुखवटेकाराच्या ओसरीवरच्या पिंजऱ्यात. हैबती ज्याचा मुखवटा घडवी, त्याचे रूप आणि आवाज लावणाऱ्याला मिळे. भल्याने लावला तर खेळ. बुऱ्याने लावला तर मूळ धन्याचा चेहराच पुसला जाई. म्हणून घराण्याची रीत होती. गिऱ्हाइकाला पाटावर बसवावे, गूळपाणी द्यावे आणि साळुंकीने तीन प्रश्न विचारावेत. आधी कोणाकडे गेला होतास? मुखवटा कशाला हवा? नाही म्हटले तर काय करशील? या प्रश्नांना खोटे उत्तर देता येत नसे. साळुंकी 'नको' म्हणाली, की मोठ्यातला मोठाही पाणी पिऊन परत जाई.

एके दिवशी सरदार दुर्जयराव आले. पाटावर बसण्याआधीच म्हणाले, "हैबती, तुमच्यासारखा कारागीर त्रिभुवनात नाही!"

"आधी कोणाकडे गेला होतास?" साळुंकीने विचारले.

"दोघांकडे. दोघेही ठोंबे निघाले. कोठडीत सडताहेत."

हैबतीने साळुंकीकडे पाहिले. पण स्तुती मोठी गोड असते हो, गुळाहून गोड!

"मुखवटा कशाला हवा?"

"महाराजांचा हवा. कशाला ते मी जाणे." मग सरदार हैबतीकडे वळले. "राजवाड्याच्या महाद्वारावर तुमचे नाव कोरवीन."

"नको! नको!" साळुंकी ओरडली. तिसरा प्रश्न तिच्या चोचीत होता, एवढ्यात हैबतीने खांद्यावरचे उपरणे काढले आणि पिंजऱ्यावर टाकले. पाखरू गप्प झाले. आणि मुखवटा असा उतरला, की खुद्द हैबतीच त्याला मुजरा करता झाला.

महाद्वारावर नाव कोरले गेले. राज्यात मात्र अंधेर माजला. सिंहासनावरचे महाराज एकाएकी क्रूर झाले, विहिरींवर पहारे बसले, बोलेल त्याची जीभ छाटली जाऊ लागली. हैबती सारे ऐके आणि खाली मान घालून माती मळत बसे. पिंजऱ्यातून आवाज येत नव्हता. उपरणे उचलायची त्याला लाज वाटे. एवढेच काय, त्या बाजूला बघायचीही लाज वाटे.

मग एका सकाळी एक वाटसरू येऊन पाटावर बसला. रीतीप्रमाणे हैबतीने गूळपाणी पुढे केले आणि त्याचा हात थबकला. वाटसरूचा चेहरा मडक्यासारखा कोरा होता. पाणी प्यायला तोंडच नव्हते.

"महाराज," हैबती त्याच्या पायांवर कोसळला, "हे पाप माझे. पाखरू नको म्हणत होते. मला ऐकू येत होते."

राजाने त्याला उठवले नाही. चाचपडत जाऊन त्याने उपरणे ओढले. आत साळुंकी दगडाची झाली होती, चोच उघडी ठेवून.

दिलेला मुखवटा मोडायचा एकच उपाय वाडवडिलांनी सांगून ठेवला होता. कारागिराने तेच तीन प्रश्न भर दरबारात विचारावेत आणि आपल्या तोंडाने 'नको' म्हणावे. मग मुखवट्यासोबत त्याच्या बोटांतली जादूही जाई. हैबतीने एका काखेत पिंजरा घेतला, राजाचा हात धरला आणि स्वतःचेच नाव कोरलेल्या दारातून तो आत गेला.

"सरकार, आधी कोणाकडे गेला होता?"

"दोघांकडे. पुढे त्यांना मी कोठडीतच मारले," सिंहासनावरून उत्तर आले, आणि मुखवट्याचे कपाळ तडकले.

"मुखवटा कशाला हवा होता?"

"राज्य गिळायला." गाल तडकले.

हैबतीने काखेतला पिंजरा घट्ट धरला. "आणि नाही म्हटले तर?"

"तुझे मुंडके उडवीन!"

"हे तेव्हाच विचारायला हवे होते," हैबती म्हणाला. "नको, सरकार. तुमचे काम मला नको."

मुखवट्याच्या खापऱ्या झाल्या. सरदाराला पहारेकऱ्यांनी धरले, राजाला चेहरा आला, पिंजऱ्यात पंख फडफडले. हैबतीची बोटे मात्र साधी झाली.

"तुझे नाव दारावर राहू दे," राजा म्हणाला.

"नको, महाराज," हैबती म्हणाला, आणि आपल्या हाताने त्याने ते नाव खरवडून काढले.

पुढे तो पाणी भरायचे साधे माठ घडवू लागला. राज्य सुखात नांदले. हैबतीने खांद्यावर पुन्हा उपरणे घेतले नाही, ऐन थंडीतही नाही. साळुंकी रोज सकाळी विचारी, "हैबती, थंडी वाजते?"

त्यालाही तिच्यापुढे खोटे बोलता येत नसे. "वाजते," तो म्हणे, आणि मान खाली घाली.